खाडा की सुट्टी? शिकता शिकता आई होताना हजेरीचं, परीक्षेचं आणि बाळाचं गणित

सत्र परीक्षेला दोन-तीन आठवडे उरले की कॉलेजच्या फळ्यावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागते. कुणी तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतं, कुणी ब्लॅकलिस्ट. त्या यादीत कधी कधी अशा मुलीचंही नाव असतं, जिने एकही लेक्चर बुडवलेलं नसतं. ती बाळंतीण होती. तिने आधी विचारलं होतं आणि 'रजा मिळेल, काळजी करू नकोस' असं उत्तरही मिळालं होतं. रजा खरंच मिळाली, पण परीक्षेला बसायची परवानगी मिळाली नाही.

हे कसं होतं, ते टाळायचं कसं आणि बाळ घरात आल्यावर अभ्यास कशाच्या आधारावर उभा करायचा, हे इथे समजावून घेऊ. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कॉलेजांची आहेत. केंद्राचे नियम मात्र सगळीकडे लागू आहेत.

नोकरीतली रजा विद्यार्थिनीला लागू होत नाही

सगळ्यांच्या कानावर असलेली '२६ आठवड्यांची रजा' आली १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातून (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन ती १२ वरून २६ आठवड्यांवर गेली (आधीच दोन मुलं असतील तर १२ आठवडेच). पण जुना असो वा नवा, हा कायदा कामावर असलेल्या बाईसाठी आहे. विद्यार्थिनी कॉलेजची कर्मचारी नसते, म्हणून हा कायदा दाखवून तिला काही मागता येत नाही. अर्जात या कायद्याचा हवाला दिला की ऑफिसातून पहिलं उत्तर 'हा तुम्हाला लागू नाही' असं येतं आणि ते बरोबरच असतं.

विद्यार्थिनीचा आधार दुसरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (पुढे फक्त 'आयोग' म्हणू) १४ डिसेंबर २०२१ रोजी सगळ्या कुलगुरूंना पत्र लिहिलं. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम तयार करा, हजेरीत सूट द्या, परीक्षा अर्जाला मुदतवाढ द्या आणि गरज असेल ती इतर सोय करा, असं त्यात सांगितलं आहे. किती दिवस, ते मात्र लिहिलेलं नाही. तो आकडा प्रत्येक विद्यापीठाने ठरवायचा आहे.

पत्र आणि नियम: सगळी अडचण इथे आहे

सोसायटीच्या उपविधीत लिहिलेली गोष्ट आणि सेक्रेटरीने ग्रुपवर टाकलेली सूचना यांत जो फरक, तोच इथे आहे. उपविधी मोडला तर जाब विचारता येतो. सूचना कुणी पाळतं, कुणी पाळत नाही. आयोगाचे विनियम म्हणजे उपविधी, आणि २०२१ चं पत्र ही सूचना. ते बिनकामाचं मुळीच नाही, पण तुमच्या विद्यापीठाने त्यावरून स्वतःचा नियम केला नसेल तर प्राचार्यांच्या हातात धरायला काही नसतं. मनात असूनही ते कचरतात.

केरळमध्ये हे काम पुढे गेलं. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांवरच्या विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ती राज्यातल्या विद्यापीठांना लागू केली. नियम कसा असावा, हे कुणाला दाखवायचं असेल तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

आपल्या विद्यापीठात नियम आहे का, ते कॉलेजच्या ऑफिसात तोंडी विचारून कळेलच असं नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं चाळा. तिथे सापडलं नाही, तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा: 'आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्रानुसार विद्वत परिषदेने केलेल्या नियमाची प्रत द्यावी.' उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हे काम पहिल्या तिमाहीतच उरकावं.

हजेरीचा हिशोब: दूधवाल्याच्या कॅलेंडरावरून समजून घ्या

घरी दूधवाल्याचा हिशोब कॅलेंडरावर असतो. दूध आलं नाही की खाडा. पण तुम्ही आठ दिवस गावाला जाताना आधी सांगून गेलात, तर ते दिवस खाडे होत नाहीत. ते हिशोबातच येत नाहीत. विद्यार्थिनीच्या रजेचं सगळं मर्म या फरकात आहे. 'रजा मंजूर' याचा अर्थ 'न आल्याबद्दल कुणी रागावणार नाही' एवढाच असू शकतो. ते दिवस हजेरीच्या हिशोबात कसे धरायचे, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं.

एका सत्रात शिकवण्याचे ९० दिवस धरू. ७५ टक्के हजेरी म्हणजे ६८ दिवस. मुलगी बाळंतपणामुळे ६० दिवस आली नाही आणि उरलेले ३० दिवस रोज आली. आता पुढे तीन शक्यता.

पहिली: माफी. म्हणजे ७५ टक्क्यांची अट थोडी खाली आणणं. कायद्याच्या अभ्यासक्रमात बार कौन्सिलची (म्हणजे त्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदेची) अट ७० टक्क्यांची आहे आणि अपवाद म्हणून ती ६५ पर्यंत खाली येते. ९० दिवसांचे ६५ टक्के म्हणजे ५९ दिवस. हिचे भरतात ३०, म्हणजे ३३ टक्के. माफी मिळूनही ती यादीतच राहते.

दुसरी: वजावट. रजेचे ६० दिवस एकूण दिवसांतून काढून टाकायचे. उरले ३०, त्यांचे ७५ टक्के म्हणजे २३. ती ३० दिवस आली. ती सुटली, आणि बाळाच्या लसीकरणासाठी, तापासाठी सात दिवस हाताशीही राहिले.

तिसरी: रजेचे दिवस हजर धरायचे. मग ६० आणि ३० मिळून पूर्ण ९० होतात.

अर्जात मागायची ती वजावट. तिसरा मार्ग जास्त उदार दिसतो, पण त्याला 'न येता हजेरी लावली' असा आक्षेप चटकन येतो. वजावटीत तो येत नाही, कारण आली त्या दिवसांचीच मोजणी होते. अनेक कॉलेजांत हजेरी दिवसांवर नाही, तर विषयवार तासिकांवर मोजतात. तसं असेल तर 'प्रत्येक विषयाच्या एकूण तासिकांतून' असे शब्द लिहा. नाहीतर सरासरीत पास आणि दोन विषयांत नापास, असं त्रांगडं होतं.

न्यायालयांनी काय सांगितलं?

दोन्ही बाजूंचे निकाल आहेत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

२०१८ मध्ये दिल्लीतल्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला बाळंतपणामुळे कमी पडलेली हजेरी माफ करायला उच्च न्यायालयाने नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तिला दिलासा मिळाला नाही. कारण बार कौन्सिलच्या हजेरीच्या नियमात त्याला वाव नव्हता. २०२३ मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातल्या एमएडच्या विद्यार्थिनीबाबत वेगळी दिशा घेतली. तिची ५९ दिवसांची रजा थिअरीच्या हजेरीत धरण्याचा पुन्हा विचार करा आणि त्यानंतर ८० टक्के भरत असतील तर तिला परीक्षेला बसू द्या, असं न्यायालयाने विद्यापीठाला सांगितलं. शिक्षणाचा हक्क आणि मूल होऊ देण्याचा निर्णय यांतलं एकच निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कानपूरच्या एका बीटेक विद्यार्थिनीच्या प्रकरणात तिच्या तंत्रज्ञान विद्यापीठाला पदवीच्या विद्यार्थिनींसाठी प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या सोयींचे नियम करायचा आदेश दिला. तिचा प्रश्न हजेरीचा नव्हता, चुकलेल्या पेपरांचा होता.

म्हणजे नियंत्रक परिषदेचा कडक नियम असलेल्या अभ्यासक्रमांत (कायदा, वैद्यकीय, नर्सिंग, बीएड) वाट अवघड आहे, बीए, बीकॉम, बीएस्सीला तुलनेने सोपी. यातला अन्याय उघड आहे. बाळंतपण सगळ्यांचं सारखंच असतं. पण योजना आखताना आपला अभ्यासक्रम कुठल्या परिषदेखाली येतो, ते आधी बघावंच लागतं.

आधी कॅलेंडर, मग अर्ज

प्रसूतीची अपेक्षित तारीख काढायची सोपी रीत अशी: शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीतली तारीख धरा. पण नेमक्या त्या तारखेला फार थोडी बाळं जन्मतात. ३७ व्या ते ४२ व्या आठवड्यात कधीही प्रसूती होऊ शकते, म्हणून तारखेऐवजी पाच आठवड्यांचा पट्टा आखा.

एक उदाहरण. पाळी १० जुलैला आली होती, तर तारीख १७ एप्रिल आणि पट्टा २७ मार्च ते १ मे. दुसऱ्या सत्राची शिकवणी तोवर बहुतेक संपलेली असते. हजेरी वाचते, पण परीक्षा बाळंतपणात सापडते. हिने रजेपेक्षा चुकलेल्या पेपरांची पर्यायी सोय मागायला हवी, आणि प्रात्यक्षिक परीक्षा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्यायला हवी.

आता पाळी १ नोव्हेंबरची धरा. तारीख येते ८ ऑगस्ट. पहिलं सत्र नुकतं सुरू झालेलं. इथे नोव्हेंबरचे पेपर देता येतील, पण हजेरी, अंतर्गत चाचण्या आणि जर्नल बुडतात. हिची मागणी वजावटीची आणि टर्मवर्कच्या वेगळ्या तारखांची. दोघींचा अर्ज एकाच नमुन्यावर लिहिला, तर एकीचा तरी फुकट जाणार.

यात आपल्याकडची एक गोष्ट हमखास विसरली जाते. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती माहेरी जाते आणि सव्वा महिना झाल्यावरही लगेच परतत नाही. शिकणाऱ्या मुलीसाठी यात प्रसूतीच्या आधीचेच आठ-दहा आठवडे जातात. पोटात काही गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत कॉलेजात जाता येतं. म्हणून एकतर माहेरी उशिरा जावं, किंवा आईने काही आठवडे मुलीकडे येऊन राहावं. रजेचे दिवस मोजकेच असतात, त्यांतले बरेचसे बाळ जन्मल्यानंतर वापरायला मिळाले पाहिजेत. सव्वा महिन्याच्या परंपरेला हात लावायची गरज नाही. डॉक्टरही प्रसूतीनंतर सहा आठवडे सांगतात आणि दोन्हींत फरक चार-पाच दिवसांचा आहे.

अर्जात काय लिहायचं

विद्यार्थिनीपुढे एकच दार नसतं. हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक आणि परीक्षा अर्ज अशी चार दारं असतात, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते. म्हणून एकाच अर्जात चारही मागण्या नावानिशी हव्यात. मजकूर साधारण असा:

'मी ____ वर्गाची विद्यार्थिनी असून माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख ____ आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दि. ____ ते दि. ____ या काळात मला प्रसूती रजा मंजूर करावी व या काळातील तासिका प्रत्येक विषयाच्या एकूण तासिकांतून वजा कराव्यात. या काळातील अंतर्गत चाचण्या व प्रात्यक्षिके दि. ____ नंतर घ्यावीत. परीक्षा अर्ज भरण्यास मुदतवाढ मिळावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्रानुसार ही विनंती करीत आहे. निर्णय लेखी कळवावा.'

अर्ज विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना, आणि एक प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, त्यावर शेवटच्या पाळीची आणि प्रसूतीची तारीख दोन्ही हव्यात. माता-बाल संरक्षण कार्डाची प्रतही लावा. दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. हा शिक्का नसेल तर पुढे 'अर्ज आलाच नाही' या वाक्यापुढे तुमच्याकडे काही उरत नाही. लग्नाचा दाखला किंवा नवऱ्याची संमती जोडायची गरज नाही. आयोगाचं पत्र 'विद्यार्थिनी' एवढंच म्हणतं.

कधी द्यायचा? चौथा महिना लागला की. फार लवकर सांगायला संकोच वाटतो हे खरं, पण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत थांबलं तर अंतर्गत चाचण्यांचं वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाते. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, म्हणजे पॉक्सोप्रमाणे, रुग्णालयाला अशा गर्भारपणाची माहिती पोलिसांना द्यावीच लागते, लग्न झालेलं असो वा नसो. त्यामुळे घाबरून तपासण्या टाळल्या जातात आणि मुलीच्या जिवाला धोका होतो. दवाखान्यात जाणं थांबवू नये.

प्रयोगशाळेची गोष्ट चौथ्या महिन्यापर्यंत थांबत नाही

बाळाचे अवयव पहिल्या १२ आठवड्यांत घडतात. नेमक्या याच काळात मुलीने कुणाला सांगितलेलं नसतं आणि ती नेहमीप्रमाणे प्रॅक्टिकलला उभी असते. प्राणिशास्त्राच्या आणि शरीररचनेच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिन, ऊतींच्या स्लाइड करताना झायलीन, रसायनशास्त्रात बेंझीन आणि इतर सेंद्रिय द्रावक, जैवतंत्रज्ञानात जेल बनवताना ॲक्रिलमाइड आणि इथिडियम ब्रोमाइड. यांच्याशी गर्भारपणात संपर्क टाळायलाच हवा. नेहमीचा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, फक्त थेंब अडवतो. 'मास्क लावते' म्हणून निर्धास्त राहू नका.

विभागातल्या एखाद्या विश्वासाच्या शिक्षिकेला एकटीलाच लवकर सांगणं, हा व्यवहार्य मार्ग आहे. प्रयोग रद्द करायचा नाही, त्याची जागा बदलायची: निरीक्षणं नोंदवणं, आकडेमोड, आधी तयार स्लाइड वाचणं, आणि धोक्याचा भाग प्रसूतीनंतर. नर्सिंगच्या मुलींनी एक्स-रे विभाग, केमोथेरपीची औषधं हाताळणं आणि कांजिण्या किंवा गोवर-रुबेलाचे रुग्ण असलेला वॉर्ड, यांतून ड्यूटी बदलून मागावी. बीपीएडच्या मुलींनी मैदानी प्रात्यक्षिकांसाठी डॉक्टरांचं वेगळं पत्र घ्यावं.

थकव्याचंही इथेच सांगायला हवं. अभ्यासाच्या जागरणाला दोष देऊन मुली रक्तक्षय अंगावर काढतात. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा दोन तासांनी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टर मोफत तपासतात. कॉलेजच्या वेळापत्रकात ती तारीख आधीच लिहून ठेवा.

आणि पेपर असला तरी पुढच्यांपैकी काहीही झालं तर थेट दवाखाना: तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहरा सुजणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं.

'एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं?'

घरातून येणारा पहिला प्रश्न. काही वेळा थांबणं बरोबरही असतं. जुळी बाळं, रक्तदाब, पूर्ण विश्रांतीचा सल्ला, किंवा एकाच सत्रात प्रकल्प आणि इंटर्नशिप दोन्ही. पण 'थांबणं' ही फुकटची गोष्ट नाही. अभ्यासक्रम बदलला तर जुन्या पॅटर्नचे विषय नव्यात बसवून घ्यावे लागतात. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून सगळ्या संलग्न कॉलेजांत आल्यावर हे अनेकांनी अनुभवलं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण मागते, खंड पडला की प्रश्न उभे राहतात. पुढच्या प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट लागतं. आणि सगळ्यांत मोठं नुकसान म्हणजे बरोबरीची बॅच पुढे निघून जाते. नोट्स देणारी, निरोप पोचवणारी, सबमिशनची आठवण करणारी माणसंच उरत नाहीत.

थांबायचंच असेल, तर नुसतं येणं बंद करू नका, कागदावर थांबा. नव्या धोरणात पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) पूर्ण झाले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. त्यासाठी वेगळा ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तो केला नाही म्हणून प्रमाणपत्र अडतं. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे श्रेयांकांच्या बँक खात्यात, जमा राहतात. आपल्या खात्यात ते खरंच दिसतात का, हे बाहेर पडण्यापूर्वी तपासा.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे. 'स्वयम' या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात. मात्र कुठला विषय कुठल्या पेपरच्या जागी धरणार, हे कॉलेजकडून आधी लेखी घ्या. शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

'मग सरळ मुक्त विद्यापीठातून कर' हाही सल्ला मिळतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांचे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येत नाहीत. त्या मुलींना हा सल्ला म्हणजे शिक्षण सोडण्याचाच सल्ला होतो.

'आम्ही रोज यायचं आणि हिला सूट?'

वर्गातली ही कुरबुर खोटी नाही, तिला सरळ उत्तर द्यावं. सूट हजेरीत आहे, गुणांत नाही. तोच पेपर, तेच तपासनीस, पास होण्याची तीच रेषा. वजावटीच्या हिशोबात तर ती आली त्या दिवसांत तिलाही ७५ टक्के भरावेच लागतात. उलट वर्गात न बसता, रात्री तीनदा उठून तिला तेच गुण मिळवायचे असतात.

'आजारी मुलांनाही मग द्या' असं कुणी म्हणेल. गंभीर आजारात द्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण बाळंतपण आजार नाही. ते महिनोन्‌महिने आधी माहीत असतं, त्यामुळे त्याची सोय आधी ठरवता येते. आधी ठरवता येणारी गोष्ट ठरवायची नाही आणि मग ऐनवेळी नियम पुढे करायचा, याला शिस्त म्हणता येत नाही.

पीएचडी करणाऱ्यांचा हिशोब सोपा आहे

इथे पत्र नाही, विनियम आहेत. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांप्रमाणे संशोधक स्त्रीला पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, मिळून जास्तीत जास्त दहा. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं, तर संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेत नेता येते. अट एवढीच की ते काम मार्गदर्शकाला किंवा संस्थेला कुठल्या निधीदाराकडून मिळालेल्या प्रकल्पाचं नसावं, आणि मूळ मार्गदर्शकाला श्रेय द्यावं. २४० दिवस एकदम संपवू नका. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारपणं येतच राहतात. फेलोशिप सारथी, बार्टी, महाज्योती किंवा आयोगाची असेल तर रजेतल्या महिन्यांच्या हजेरी-अहवालाचं काय करायचं, ते रजेवर जाण्याआधी लेखी विचारा.

बाळ घरी आल्यावर

'बाळ झोपलं की अभ्यास करेन' या भरवशावर केलेली योजना पहिल्याच आठवड्यात मोडते. नवजात बाळ दिवसाचे १६ तास झोपतं, पण दोन-दोन तासांच्या तुकड्यांत, आणि दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. पहिल्या सहा आठवड्यांत अभ्यासाचे तास शून्य धरा. त्यानंतर रोज तासभर. तीन महिन्यांनी, घरात बाळाला घेणारं दुसरं कुणी असेल तर दोन-तीन तास. पाजताना रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकता येतं, व्याख्या पाठ करता येतात. गणितं आणि आकृत्यांसाठी मात्र बाळ दुसऱ्याच्या मांडीवर हवं.

कॉलेज सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी दूध काढण्याची सवय करा. सहा तास बाहेर राहायचं असेल तर मधे दोनदा, प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं. दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, लाल होऊन ताप येतो. दूधही हळूहळू कमी होतं. काढलेलं दूध २५ अंशांखालच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचा भरवसा धरू नका, बर्फाची पिशवी घातलेल्या डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. पाजताना भांडं कोमट पाण्यात ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, तसा कॉलेजातही मागता येतो. फार काही लागत नाही: आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, विजेचं बटण, हात धुवायला नळ. महिला विकास कक्षाकडे लेखी मागणी करा, जमल्यास शिक्षिकांच्या सह्या घेऊन. त्यांनाही ती खोली लागते.

बाळाला ठेवायचं कुठे? अंगणवाडीतली शाळा तीन वर्षांवरच्या मुलांसाठी असते, त्याखालच्या बाळांना घरी न्यायचा आहारच मिळतो. 'पाळणा' योजनेतली अंगणवाडी-पाळणाघरं सहा महिन्यांपासून मुलं घेतात, पण ती सगळीकडे नाहीत. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत भार घरच्यांवरच येतो, आणि इथे बाळाच्या बापाचं काम सुरू होतं. तोही विद्यार्थी असेल तर त्याच्यासाठी आयोगाच्या पत्रात काही नाही. म्हणून दोघांनी तासिकांचं वेळापत्रक शेजारी ठेवून बसावं. सासू किंवा आई 'बघेल' असं गृहीत धरण्यापेक्षा, कुठल्या वारी कुठले तास कोण बघणार, हे कागदावर लिहावं.

दुसरं गर्भारपण इतक्यात नको असेल तर 'अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत' यावर विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्री-दिवसा फक्त आईचं दूध, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते लागू. प्रसूतीनंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, त्याचा विचार आधीच करून ठेवा.

पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांपुढेही मन काळवंडलेलं राहिलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, जगणं नकोसं वाटलं, तर तो उपचार लागणारा आजार आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. वर्षभराचा अभ्यास मागे पडला म्हणून असं वाटतंय, अशी स्वतःची समजूत घालू नका.

पैशांचं थोडक्यात: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी असेल तर ६,०००. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत वेळेत नोंदणी करावी लागते. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसकट, मोफत असतं.

नकार आला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, लेखी मागा. त्यानंतर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी आणि तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. सगळं मिळून दोन महिने जाऊ शकतात. डिफॉल्टर यादी लागल्यावर सुरुवात केली तर परीक्षा निघून गेलेली असते. म्हणून अर्जाला महिनाभरात उत्तर नाही आलं, तर ते मौन म्हणजे नकार समजून पुढचं पाऊल टाका.

परीक्षा अर्ज मात्र वाद चालू असला तरी मुदतीत भरून टाका. बसता आलं नाही तर शुल्क जाईल, पण अर्जच नसेल तर निर्णय तुमच्या बाजूने लागूनही हॉल तिकीट निघणार नाही. अपवाद प्रयत्नांची संख्या मोजणाऱ्या अभ्यासक्रमांचा. एमबीबीएसच्या पहिल्या प्रोफेशनल परीक्षेला चारच प्रयत्न मिळतात, तिथे अर्ज भरून गैरहजर राहणं एक प्रयत्न खाईल का, ते आधी विचारा.

पेपरच्या दिवशी बाळाला आणणारं माणूस केंद्राच्या जवळ हवं, घरी नको. तीन तासांचा पेपर, अर्धा तास आधीची हजेरी आणि बाहेर पडायला दहा मिनिटं धरली तर जवळजवळ पावणेचार तास होतात, म्हणून आत जाण्याच्या अगदी आधी पाजा आणि एक वेळचं काढलेलं दूध त्या माणसाकडे द्या. टाके असतील तर तळमजल्यावरची, स्वच्छतागृहाजवळची जागा मिळावी, असा अर्ज केंद्रप्रमुखांना दोन दिवस आधी द्या. सुती रुमालाची घडी आत ठेवा, कारण दुसऱ्या तासाला पान्हा फुटतो आणि हात थांबतो.